दुःखातल्या माणसाचं फूल काढून घेऊ नका

बेल्हे, राजुरी, आळे, आणे या आमच्या भागात माणूस गेलं की दहा-बारा दिवस ते घर एकटं पडत नाही. पहिल्या संध्याकाळी शेजारीपाजारी कडू घास घेऊन येतात, पिठलं-भाकरी पुढे ठेवतात, घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. तिसऱ्या दिवशी सावडायला माणसं येतात. दहाव्याला घाटावर प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात, पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळी भावकी ऊन अंगावर घेत बसून राहते. तेराव्याची जेवणं उठतात. मग मांडवाचं कापड उतरतं, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढतात आणि पाहुणे आपापली एसटी धरतात.

मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. गर्दी ओसरते आणि गेलेलं माणूस तेव्हा कुठे खरं जातं. पहाटे डेअरीवर दूध घालायला गेलं की पावती अजून त्यांच्याच नावाची निघते. सोसायटीची नोटीस त्यांच्या नावाने येते. कपाटात धुतलेले पांढरे सदरे तसेच घडी घातलेले असतात आणि ते कुणाला द्यावेत की राहू द्यावेत, हे काही केल्या ठरत नाही. ज्यांच्या घरात गेल्या वर्ष-दोन वर्षांत असं झालं आहे त्यांना, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना, माझं एक कळकळीचं सांगणं आहे. दुःखातल्या माणसाला धरायला काहीतरी श्रद्धेचं लागतं आणि बघायला काहीतरी सुंदर लागतं. दोन्ही गोष्टी लहानशाच असतात. त्या त्याच्याजवळ राहू द्या. आणि दुःख तुमच्याच घरी आलं असेल, तर स्वतःच्या हातांनी त्या दूर लोटू नका.

आधी श्रद्धेचं बोलते. समजूत काढायला येणारा पहिलं वाक्य बोलतो ते असं: "रडू नका, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो." दुसरा म्हणतो, "तुम्ही माळकरी, तुम्हीच धीर सोडला तर कसं?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणारीला वाटू लागतं की आपलं रडणंच पाप आहे, आपली भक्तीच कच्ची आहे. तसं अजिबात नाही. ज्ञानेश्वर माउलींनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. तो सगळा प्रसंग नामदेव महाराजांनी समाधीच्या अभंगांत मांडून ठेवला आहे. त्यातला निवृत्तिनाथांचा शोक एकदा वाचा. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, आणि माउलींचे गुरूही तेच. देह नाशवंत आहे हे ज्यांनी शिकवलं, त्यांनाच तिथे सावरता आलं नाही, आणि नामदेवांनी ते झाकून ठेवलं नाही. आजही समाधी सोहळ्याच्या दिवशी आळंदीत ते कीर्तन ऐकताना बाया डोळ्यांना पदर लावतात, बाप्ये उपरण्याने तोंड पुसतात. ज्या पंथात गुरू शिष्यासाठी रडला, त्या पंथातल्या बापाने पोरासाठी का रडू नये?

दुसरं उदाहरण आणखी जवळचं, आपल्या तालुक्यातलंच. ओतूरला मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना माघ शुद्ध दशमीला स्वप्नात ज्यांनी मंत्र दिला ते हे गुरू, असं वारकरी मानतात. गुरूंची ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी तुकोबांवर काय गुदरलं होतं, ते आपण भरभर वाचून पुढे जातो. आईवडील गेले. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. व्यापार बुडाला, चारचौघांतली पत गेली, थोरली बायको अन्न अन्न करत डोळ्यांसमोर गेली. हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगितलं आहे. पुढे आपण काय केलं, तेही त्याच अभंगात सांगितलं आहे, आणि शोकात बुडालेल्या माणसासाठी त्याहून चांगली वाट मला तरी कुठे दिसलेली नाही. विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावं असं त्यांच्या मनात आलं. मग ते एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, हेही मोकळेपणाने सांगतात. मग आधीच्या संतांची काही वचनं विश्वासाने आणि आदराने पाठ केली. आणि पुढे उभं राहून जे गात होते, त्यांच्यामागे धृपद धरलं.

हा क्रम नीट बघा. आधी हाताला काम. मग मन लागत नसतानाही ठरल्या तिथीला ठरल्या जागी हजर राहणं. स्वतःला शब्द सुचत नाहीत तोवर दुसऱ्याचे शब्द उसने घेणं. आणि पुढे न होता मागे उभं राहून नुसता सूर धरणं. ज्या अभंगांसाठी आपण तुकोबांना ओळखतो, ते सगळे यानंतरचे.

म्हणून माझं सांगणं असं की मोठ्या आध्यात्मिक अनुभवाची वाट बघत बसू नका. गावच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो, तिथे जाऊन मागच्या खांबाला टेकून बसा. तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालेल, दहा माणसं तुमच्या वतीने म्हणत असतात. कार्तिकातल्या काकड्याला जा. पहाटेची वेळ शोकाला सगळ्यांत वाईट. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा देवळात टाळांच्या आवाजात बसलेलं बरं. सप्ताह असेल तर भाकऱ्या थापायला बसा. आण्याला पौषात रंगदासस्वामींच्या उत्सवात आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो, कढयाच्या कढया आमटी शिजते. तिथे वाढप्यांमध्ये उभं राहून बघा. हातात आमटीची बादली घेऊन पंगतीतून फिरणाऱ्याला कुणी "आता कसं वाटतंय?" असं विचारत नाही. फक्त "इकडे वाढा" म्हणतात. दुःखी माणसाला त्या दोन शब्दांची फार गरज असते.

आणि देवाकडे बघायचीच इच्छा उरली नसेल तर? तेही समजण्यासारखं आहे. तरणंताठं पोर मोटारसायकलवरून गेलं ते परत आलं नाही, अशी घरं आमच्या भागातल्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना आहेत. तिथल्या आईने देव्हाऱ्याकडे पाठ फिरवली तर तिला कुणी बोल लावू नये, देवळात ओढून नेऊ नये. विठ्ठलाशी कडाकडा भांडलेले अभंग तुकोबांच्या गाथेत जागोजाग आहेत. भांडण हीसुद्धा बोलण्याचीच एक तऱ्हा आहे. दिवा लावायचा नसेल तर लावू नका, घरातलं दुसरं कुणी लावील. काही महिन्यांनी आपला हात आपणहून वातीकडे गेला, तर मात्र त्याला अडवू नका. गावातल्या मुसलमान घरात फातिहा वाचला जातो, कुणाच्या घरी देव मानतच नाहीत. त्या घरांनाही ठरल्या वेळेचं, चार माणसांच्या सोबतीचं काहीतरी लागतंच. ते त्यांच्या पद्धतीने त्यांना करू द्या.

इथे आणखी एक सांगायलाच हवं. आळ्याला रेड्याची समाधी आहे. माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा इथे गेला आणि त्याला इथेच समाधी दिली गेली, अशी आपली श्रद्धा आहे. एका मुक्या जनावराची समाधी ज्या मुलखात शतकं पुजली जाते, तिथे बैल गेला म्हणून ज्याला घास उतरत नाही अशा शेतकऱ्याला कुणी हसू नये. काही दुःखांना दहावा नसतो, तेरावा नसतो. पोटातच गेलेलं बाळ, फारकत झालेल्या लेकीचा मोडलेला संसार, परगावी मेलेला मित्र ज्याच्या घरच्यांना आपलं नावही ठाऊक नाही. अशा माणसांकडे कडू घास घेऊन कुणी जात नाही. त्यांना विचारा.

आता सौंदर्याचं. पंधरा-वीस दिवस गेले की एखाद्या सकाळी तुमचं लक्ष दारातल्या प्राजक्ताच्या सड्याकडे जाईल. किंवा तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली बघून बरं वाटेल. आणि लगेच आत काटा रुतेल: ते गेले आणि मला हे सुचतंय कसं? हा काटा जवळजवळ प्रत्येकाला रुततो, आणि त्यामुळेच कितीतरी जण वर्षानुवर्षं चांगल्या गोष्टींकडे बघायचंच सोडून देतात. मी हात जोडून सांगते, असं करू नका. फूल आवडलं म्हणून गेलेलं माणूस परकं होत नाही. उलट पुष्कळदा त्या फुलाजवळच ते आठवतं, कारण ते रोप त्यानेच लावलेलं असतं.

आपला आणे पठाराचा भाग तसा उघडाबोडका, पाऊस कमी. बाहेरच्याला इथे बघण्यासारखं काही दिसत नाही. पण पावसाळा सरता सरता माळावर तरवड पिवळीधमक होते. माघात ज्वारीची ताटं वाऱ्यावर सळसळतात तेव्हा बांधावर नुसतं बसावंसं वाटतं. आणे घाटात गुळुंचवाडीला, मळगंगेच्या देवळाजवळ, दगडाचा नैसर्गिक पूल आहे. ओढ्याच्या पाण्याने काळा कातळ कोरत कोरत आरपार कमान केली आहे, पावसाळ्यात पाणी तिच्याखालून वाहतं. नगरकडे जाताना आपण कितीदा त्या घाटातून गेलो असू, गाडी थांबवून खाली उतरलेले थोडे. शोकात असलेल्या भावाला, बहिणीला एखाद्या रविवारी तिथे घेऊन जा. फार बोलू नका. फक्त दिवसाउजेडी जा आणि वेळेत परता. बिबट्यामुळे आपल्या तालुक्यात अंधारात एकट्याने माळावर बसणं आता धोक्याचं झालं आहे, आणि दुःखातल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही.

एवढं लांब जायलाही नको. आमच्या आळीतल्या एक काकू नवरा गेल्यावर महिनोनमहिने ओट्यावर येऊन बसत, पण बघत कशाकडेच नसत. दसऱ्याचं झेंडूचं तोरण दारावर तसंच वाळून गेलं होतं. एके दिवशी त्यांनी ते उतरवलं, मांडीवर सूप घेतलं आणि एकेक फूल चुरायला बसल्या. झेंडूचं बी बघितलंय ना तुम्ही? काडीसारखं, निम्मं काळं, निम्मं पांढुरकं. पाकळ्यांचा भुगा त्या फुंकरीने उडवत होत्या आणि बी वेगळं करून नवऱ्याच्या तंबाखूच्या डबीत भरत होत्या. डबीला अजून वास होता. पावसाळ्यात ते बी परड्यात पेरलं, कोंबड्यांपासून राखलं, आणि पुढच्या दसऱ्याला आळीतल्या सगळ्या दारांना त्यांच्या झेंडूची तोरणं लागली. त्या वर्षभरात त्यांचं दुःख कमी झालं का, मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. पण त्या पाणी घालायला रोज उठत होत्या.

फार मोठ्या दुःखापुढे फुलाचं काय चालणार, असं कुणी म्हणेल. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. काही कुटुंबं अख्खीच्या अख्खी गेली, मागे नाव घ्यायला कुणी उरलं नाही. आमडे इथे नवं गाव उभं राहिलं, २ एप्रिल २०१७ ला लोक नव्या घरांत गेले. जुन्या जागी स्मृतिस्तंभ आहे, गेलेल्यांच्या आठवणीत लावलेली झाडं आहेत, आणि दर जुलैत वाचलेले आप्त तिथे जमतात. त्या झाडांनी कुणाला काही परत दिलं नाही. पण ज्यांना जायला घरच उरलं नव्हतं, त्यांना येऊन उभं राहायला जागा दिली, सावली दिली. एवढ्या मोठ्या घावावरही माणसांना शेवटी झाडच लावावंसं वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या काकूंकडे परत येते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांनी सगळ्यांच्या दारांना तोरणं दिली, पण स्वतःच्या केसांत एक फूल माळलं नाही. माळलं असतं तर आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं असतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाई विधवा झाली की तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, मंगळसूत्र तोडायचं. रंग, वास, किणकिण, जे काही लहानसं सुंदर तिच्या अंगावर आहे ते सगळं नेमकं त्याच दिवशी हिसकावून घ्यायचं, ज्या दिवशी तिला त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे. आणि हे करणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो. याला धर्म म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे ला, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय निघाला नसेल तर काढा. ठराव होईल तेव्हा होईल, पण आपल्या घरातल्या दहाव्याला बांगड्यांना हात लावू द्यायचा नाही, हे आजच ठरवता येतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बाईला आवर्जून बोलवा, दारात नको, आत पाटावर बसवा. तिने स्वतःहून नको म्हटलं तर तिचा मान ठेवा. नको म्हणायचं ते तिने म्हणावं, तिच्या वतीने आपण ठरवू नये.

कधी कधी मात्र श्रद्धा आणि फुलं पुरत नाहीत, हेही स्पष्ट सांगते. शोक हा आजार नाही. पण सहा महिन्यांहून जास्त काळ लोटला तरी माणूस पहिल्या दिवसाइतकंच बुडालेलं असेल, रोजचं जगणंच थांबलं असेल, तर ते वैद्यकीय मदत घेण्यासारखं दुखणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या नव्या यादीत लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद केली आहे. आणि "मीही त्यांच्यामागे जावं" असं कुणी बोलू लागलं तर सहा महिने कशाला, सहा तासही थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावरचा विश्वास उडाला असं नाही. ताप आला म्हणजे आपण अंगारा लावतो आणि गोळीही घेतोच.

राहिलं ते शेजाऱ्यांचं. दिनदर्शिकेवर दुःखातल्या घराची तिथी लिहून ठेवा. पहिली दिवाळी, पहिली संक्रांत, गेलेल्याचा वाढदिवस, वर्षश्राद्धाच्या आधीचा आठवडा, हे दिवस जड जातात. त्या दिवशी जा. गेलेल्या माणसाचं नाव काढायला घाबरू नका. आपण नाव काढलं म्हणून त्यांना आठवण येते असं थोडंच आहे, ती कायमच असते. नाव काढलं की निदान बोलायला वाट मिळते. "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघून येऊ नका, कारण काय लागतंय हे त्या घरात कुणालाच कळत नसतं. भाजी निवडून द्या, दळण घेऊन जा, बँकेत वारस लावायच्या कागदांसाठी सोबत जा.

बेल्ह्याचा बाजार सोमवारी भरतो. बैलांच्या बाजाराला लांबलांबून माणसं येतात, बाकी भाजीपाला, मसाले, भांडी, सगळंच असतं. येत्या सोमवारी पिशवी घेऊन निघाल तेव्हा वाटेतल्या दुःखातल्या बाईंच्या घरासमोर थांबा आणि "बाजारला चाललेय, चला" म्हणा. त्या आल्या तर घाई करू नका, त्यांच्या चालीने चाला. फुलवालीपाशी पोचलात की त्यांना विचारा आणि दोन गजरे घ्या. गजरा नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. घरूनच येत नाही म्हणाल्या तर पुढच्या सोमवारी पुन्हा विचारा.